खुर्ची आधी उलटी करा

जोगेश्वरी-ओशिवऱ्याच्या बाजारात किंवा चोरबाजारात घेतलेली जुनी खुर्ची दुरुस्तीसाठी चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतल्या एखाद्या गाळ्यात आली की तिची खरी स्थिती उघड होते. गिऱ्हाइकाने मात्र 'अँटिक, एकदम चांगली' एवढ्या शब्दांवर पैसे मोजलेले असतात. विक्रीतून हे शब्द हद्दपार व्हावेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

इराण्यांच्या हॉटेलांमुळे मुंबईला ओळखीची झालेली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची घ्या. मिखाएल थोनेट यांचा 14 क्रमांकाचा नमुना 1859चा. वाफेवर वाकवलेल्या बीचचे सहा भाग, दहा स्क्रू, दोन नट. सुट्या केलेल्या 36 खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत, म्हणून ती जगभर पोचली. 1869मध्ये पेटंट संपले आणि कोन यांच्यासह इतर कारखान्यांनीही तोच घाट उचलला. तेव्हा नुसत्या घाटावरून 'थोनेट' म्हणून विकू नये. बैठकीच्या कड्याला आतून चिठ्ठी किंवा डागलेला शिक्का नसेल, तर 'कारखाना माहीत नाही' असे लिहावे. त्याने भाव थोडा उतरेल, उतरू द्या.

खुर्ची उलटी केली की निम्मी परीक्षा होते. रोज फरशी पुसली जाते तिथे पायांची टोके आधी कुजतात, मग कोणीतरी ती कापतो. चारही पाय सारखे कापले तर खुर्ची डुगडुगत नाही; म्हणून टेप लावावी. या नमुन्याची बैठक जमिनीपासून साधारण 46 सेंटिमीटरवर असते. बारीक भोके दिसली तर खुर्ची काळ्या कागदावर ठेवून हलके ठोकावे. फिकट, ताजी भुकटी पडली तर कीड जिवंत आहे असे धरून चालावे आणि औषध केल्याशिवाय ती इतर मालाशेजारी ठेवू नये. फुलीच्या खाचेचा स्क्रू 1930च्या दशकाआधीचा नसतो. तो दोष नव्हे, नंतरच्या दुरुस्तीची खूण आहे, पण ती सांगायलाच हवी. मागचे पाय बैठकीला मिळतात तो सांधा हाताने दाबून पाहावा. सगळा भार तिथे येतो आणि लांबी भरून वर गडद पॉलिशही बहुधा तिथेच मारलेले असते.

सर्वांत वाईट वाटते ते सरसकट घासकामाचे. शिसवी खुर्चीवरचे जुने फ्रेंच पॉलिश खरवडून मेलामाइन मारले की शंभर वर्षांचा हात फिरून आलेली झळाळी कायमची जाते. न दिसणाऱ्या कोपऱ्यात स्पिरिटचा बोळा टेकवा: चपड्याचे पॉलिश मऊ पडते, मेलामाइन पडत नाही. वेताची जाळी नव्याने विणण्याला मात्र आमची हरकत नाही. वेत झिजतोच, आणि चांगले विणकाम खुर्चीचे आयुष्य वाढवते.

व्यावसायिक बंधुभगिनींना विनंती एवढीच: मूळ काय, बदललेले काय आणि दुरुस्त केलेले काय, हे बिलावर लिहा आणि उलट्या खुर्चीचा एक फोटो त्याला जोडा.