आम्ही स्थलांतरित नव्हे

'स्थलांतर', 'ओळख', 'दोन संस्कृतींच्या मध्ये जगणे' हे शब्द अलीकडे मराठी समीक्षेत फार प्रतिष्ठा पावले आहेत. परिसंवादांचे विषय त्यांवरून ठरतात, दिवाळी अंकांतील विभाग त्यांभोवती रचले जातात. अमेरिकेत वा इंग्लंडात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबाची घालमेल, मुलांच्या तोंडून निसटत जाणारी भाषा, परत यावे की न यावे हा न सुटणारा प्रश्न, यांवर कथा लिहिल्या जातात आणि त्यांची चर्चा होते. ती व्हावी. आमचा आक्षेप त्या लेखनाला मुळीच नाही. आक्षेप आहे तो त्या चर्चेच्या शेवटी, उपचार म्हणून, बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी येथील मराठी लेखनाला त्याच खणात ढकलून देण्याला. खणावर चिठ्ठी असते 'महाराष्ट्राबाहेरील मराठी साहित्य'. त्यात लंडन असते, बडोदे असते, इंदूर असते आणि बेळगावही असते. ही चिठ्ठी आम्हांला मान्य नाही.

स्थलांतर म्हणजे माणसाने जागा सोडणे. विश्राम बेडेकरांच्या 'रणांगण'मध्ये हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली हॅर्टा बोटीवर आहे. मागची भूमी तिला नाकारते आहे आणि पुढे तिचे असे कोणी नाही. १९३९ साली मराठीत असे पुस्तक निघाले, याचा आम्हांला आजही अभिमान वाटतो. लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'तील कैकाडी कुटुंब तर आपल्याच मुलखात गावोगाव हिंडते, आणि कोणतेच गाव त्याला आपले म्हणत नाही. हे उन्मळणे आहे, आणि त्याचे साहित्यही श्रेष्ठ आहे. पण बेळगाव तालुक्यातल्या शेतकऱ्याने काय सोडले? ३१ ऑक्टोबर १९५६ च्या रात्री तो मुंबई राज्यात निजला आणि दुसऱ्या सकाळी म्हैसूर राज्यात उठला. घर तेच, विहीर तीच, देवघरही तेच. भालकीचा माणूस तसाच हैदराबाद राज्यातून म्हैसूरमध्ये गेला. हललेल्या सीमेचा जाब न हललेल्या माणसाला विचारणे, त्याला 'बाहेरचा' म्हणून आस्थेने जवळ घेणे, हा आमच्या दृष्टीने अपमानच आहे, मग तो कितीही सद्भावनेने झालेला असो.

आणि हा अपमान साहित्याच्या घरातून व्हावा, ही त्यातली अधिक बोचणारी गोष्ट. १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन भरले ते बेळगावातच, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला निश्चित रूप आले तेही त्याच मांडवात. ज्या गावाने राज्याच्या कल्पनेला जागा दिली, ते गाव १९६० साली त्या राज्यात नव्हते. पुढे महाजन आयोग आला, त्याचा १९६७ चा अहवाल आला. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. हा इतिहास आमच्या वाचकांना तोंडपाठ आहे, त्याची उजळणी येथे करीत नाही. न्यायालयात चालू आहे तो भूमीचा प्रश्न. साहित्यात चालू आहे त्या प्रश्नाला मात्र कोणत्याही न्यायालयाच्या निकालाची गरज नाही. तो मराठी वाचकाने आणि समीक्षकाने आज दुपारी सोडवला तरी चालेल.

प्रकाश नारायण संतांच्या लंपनचे उदाहरण घेऊ. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर' ही चार पुस्तके महाराष्ट्राने डोक्यावर घेतली, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यांची स्तुती कशासाठी झाली? बालपणाच्या निरागस चित्रणासाठी. लंपन ज्या गावात आजी-आजोबांकडे राहतो त्या गावात मराठी आणि कानडी एकाच गल्लीतून चालतात. माणसांची नावे, हाका, शाळेतले सवंगडी, बोलण्याची लकब, सगळ्यांत दोन्ही भाषांची ये-जा आहे, आणि त्या मुलाला त्यात काहीच विशेष वाटत नाही. त्याला वनवास आहे तो आई-वडिलांपासून दूर राहण्याचा. भाषेचा वनवास त्याला ठाऊक नाही. दोन भाषांच्या मध्ये न गुदमरता, न मिरवता राहणारे असे मूल मराठी कथेत दुसरे कुठे आहे? 'दोन संस्कृतींच्या मध्ये जगणे' या विषयावर बोलणाऱ्यांनी सर्वांत आधी हे पुस्तक उघडायला हवे होते. त्यांनी ते उघडले नाही, कारण त्यात संकट नाही, हंबरडा नाही, विमानतळ नाही. दोन भाषांत राहणे म्हणजे दुभंगणेच, हे त्यांनी आधीच ठरवून टाकलेले असते.

याउलट पु. ल. देशपांड्यांचे 'रावसाहेब' महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले. व्यक्तिचित्र अपार प्रेमाने लिहिलेले आहे. आम्हीही त्यावर पोट धरून हसलो आहोत आणि शेवटी डोळेही पुसले आहेत. तक्रार लेखकाविषयी नाही. तक्रार त्या हशाविषयी आहे, जो पुढे बेळगावच्या प्रत्येक माणसाच्या वाट्याला आला. पुण्यातल्या वर्गात सीमाभागातल्या विद्यार्थ्याने तोंड उघडले, वाक्याच्या शेवटी त्याचा 'की' आला, एखादे लिंग चुकले, की वर्ग हसतो. शतकानुशतकांच्या शेजारातून घडलेली ती एक पूर्ण बोली आहे, तिला स्वतःचे व्याकरण आहे, हे त्या वर्गाला कोणी सांगत नाही. ज्ञानेश्वरांनी विठ्ठलाला कानडा म्हटले ते मात्र त्याच वर्गात भक्तिभावाने शिकवले जाते!

आमच्याच बाजूच्या काही मंडळींना हे रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. कानडीचा स्पर्श मान्य केला तर आपला दावा सैल होईल, अशी त्यांना भीती वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. ज्यांची मातृभाषा मराठी होती ते द. रा. बेंद्रे कन्नडचे थोर कवी झाले, म्हणून धारवाडची मराठी उणी झाली नाही. त्याच धारवाडात इंग्रजी शिकवीत जी. ए. कुलकर्णी मराठी कथा लिहीत होते. बेळगावात राहून इंदिरा संत आयुष्यभर मराठी कविता लिहीत होत्या. सक्तीला आमचा विरोध आहे आणि राहील. सरकारी कागद मराठीतून मिळावेत, मराठी शाळांना शिक्षक मिळावेत, या मागण्यांवर आम्ही तसूभर मागे हटणार नाही. पण शेजारच्या भाषेला शत्रू ठरवून आपली भाषा वाचवता येते, असे आम्ही म्हणणार नाही, आणि आमच्या उत्तम लेखकांपैकी कोणीही तसे लिहिलेले नाही.

आता इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याकडे वळू. येथे प्रामाणिकपणे भेद केला पाहिजे: तिकडची मराठी घराणी खरोखरच स्थलांतर करून गेली. होळकर, शिंदे, गायकवाड यांच्या मागोमाग कारकून, शिलेदार, शास्त्री, वैद्य गेले. पण ते गेले अठराव्या शतकात. स्थलांतरिताचा शिक्का किती पिढ्यांनी पुसतो? बडोद्यात साहित्य संमेलन भरले १९०९ साली, इंदुरात १९१७ साली, ग्वाल्हेरीस १९२८ साली, हैदराबादेत १९३१ साली. शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी मराठी साहित्याला मांडव घालून दिला, त्यांना आज आपण 'तिकडचे मराठी' म्हणतो.

माळव्यातल्या मुक्तिबोध बंधूंकडे पाहिले म्हणजे दोन भाषांच्या वागणुकीतला फरक लख्ख दिसतो. एका मराठी घरातले दोन भाऊ. गजानन माधवांनी हिंदीत लिहिले. हिंदीने त्यांना आधुनिक कवितेच्या मध्यभागी बसवले, आणि घरी तुम्ही मराठी बोलता म्हणून तुम्ही आमचे पाहुणे, असे त्यांना कधी सुनावले नाही. शरच्चंद्रांनी मराठीत लिहिले. 'क्षिप्रा' आणि 'सरहद्द' या त्यांच्या कादंबऱ्या आज किती मराठी वाचकांच्या घरी आहेत? उज्जैनची नदी मराठी कादंबरीचे नाव होऊ शकते, या गोष्टीने आमचा भूगोल केवढा विस्तारायला हवा होता! तो विस्तारला नाही. सातारला जन्मलेल्या काका कालेलकरांना गुजरातीने आपल्या श्रेष्ठ निबंधकारांत बसवले, ते आम्ही कौतुकाने सांगतो. आमच्या भाषेने असा उदारपणा आपल्याच माणसांना किती दाखवला, ते विचारले की विषय बदलतो.

हे सारे मानापमानाचे आहे, असे कोणी म्हणेल. तसे असते तर आम्ही शाई खर्ची घातली नसती. खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेत आज एखादी मुलगी बसली आहे. कचेरीत गेली की तिला कळते, आपली भाषा येथे अल्पसंख्याकांची आहे. पुण्याचे पुस्तक उघडले की कळते, आपली बोली अशुद्ध आहे आणि आपल्या गावासारखे गाव मराठी साहित्यात नसते. मग तिचे आई-बाप तिच्या धाकट्या भावाला इंग्रजी शाळेत घालतात, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार आम्हांला राहत नाही. त्या मुलीच्या हाती दहाव्या वर्षी लंपन पडला आणि कोणीतरी तिला सांगितले की ही तुझीच भाषा आहे, यात लिहिता येते, तर पुढची गोष्ट निराळी होऊ शकते. मोर्चे आम्ही काढतोच. १ नोव्हेंबरचा काळा दिवसही पाळतो. पण सीमाभागातला पुढचा कथाकार मोर्चातून येणार नाही, तो त्या वर्गातून येणार आहे.

बेळगाव तालुक्यात कडोली, येळ्ळूर, उचगाव अशा गावांत लोक स्वतःच्या वर्गणीतून मराठी साहित्य संमेलने भरवतात. पाहुणे महाराष्ट्रातून येतात. 'तुम्ही मराठी जिवंत ठेवली' असे म्हणून टाळ्या घेतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. येथे राहून कोण काय लिहिते, ते त्यांना ठाऊक नसते. संयोजकांना आमची एक सूचना आहे. यंदा निमंत्रणपत्रासोबत पाहुण्यांना 'वनवास'ची एक प्रत आणि परिसरातल्या एखाद्या नव्या लेखकाचे पुस्तक धाडावे, आणि भाषण त्यांवरच करावे अशी नम्र अट घालावी. सीमाप्रश्नाचा उल्लेख राहून गेला तरी आमची हरकत नाही.