नियमाची किमया

शर्यतीतील संशोधनाचा लाभ सामान्य ग्राहकास आपोआप मिळतो, हा समज भाबडा आहे. जागतिक रॅलीच्या ‘ग्रुप बी’ वर्गात अवघ्या 200 गाड्या बांधल्या की मान्यता मिळे; साहजिकच केवळ शर्यतीपुरती अचाट यंत्रे निपजली. 1986 साली पोर्तुगालमध्ये प्रेक्षक आणि कॉर्सिकात लान्चियाचे चालक-सहचालक प्राणास मुकले, तेव्हा तो वर्ग मोडीत निघाला. त्याची जागा घेणाऱ्या ‘ग्रुप ए’ची अट 5,000 गाड्यांची होती. त्यामुळे इटलीच्या लान्चियाला टर्बो इंजिन व चारही चाकांना शक्ती पुरविणारी यंत्रणा ‘डेल्टा’ या छोट्या कौटुंबिक गाडीत बसवून बाजारात आणावी लागली. 1987 ते 1992 अशी सलग सहा वर्षे उत्पादकांचे जगज्जेतेपद तिनेच मिळविले. उद्योगाची प्रतिभा निर्विवाद. परंतु तिला लोकाभिमुख वळण लावतो तो नियमच.