आई-वडिलांसाठी परदेशाचे दार किलकिलेच

कावडीत एकीकडे पित्याचे पार्थिव आणि दुसरीकडे माता रेणुकेला घेऊन परशुराम माहूरला आले, अशी या गडाची आख्यायिका आहे. आई-वडिलांचा भार मुलाने वाहावा, ही भावना मराठवाड्याच्या मातीत अशी मुरलेली आहे. 'लातूर पॅटर्न'मधून घडून परदेशी स्थायिक झालेल्यांपैकी अनेक जण आता चाळिशी ओलांडत आहेत आणि गावी राहिलेले आई-वडील सत्तरीकडे झुकले आहेत. त्यांना कायमचे तिकडे नेण्याची इच्छा असली, तरी तो निर्णय मुलांच्या हाती फारसा राहिलेला नाही.

याचे मूळ 'कुटुंब' या शब्दाच्या व्याख्येत आहे. पाश्चात्त्य देशांच्या स्थलांतर धोरणात कुटुंब म्हणजे प्रामुख्याने पती, पत्नी आणि अल्पवयीन मुले. वृद्ध माता-पिता हा आरोग्यसेवेवरील संभाव्य खर्च मानला जातो.

अमेरिकेत २१ वर्षांवरील नागरिकाला आई-वडिलांना प्रायोजित करता येते आणि त्यावर वार्षिक संख्येची मर्यादा नाही. परंतु एच-१बी किंवा ग्रीनकार्डधारकाला हा अधिकार नाही. ग्रीनकार्डसाठीच भारतीयांची रांग वर्षानुवर्षांची असल्याने नागरिकत्व मिळेपर्यंत आई-वडील थकलेले असतात. शिवाय नव्याने आलेल्या ज्येष्ठाला 'मेडिकेअर'साठी सामान्यतः पाच वर्षांच्या सलग वास्तव्याची अट आहे.

कॅनडाने २०११ मध्ये ही योजना स्थगित केली आणि २०१४ मध्ये मर्यादित संख्येने पुन्हा सुरू केली. क्यूबेक वगळता तेथे मुलाला २० वर्षांच्या आर्थिक जबाबदारीची हमी द्यावी लागते. २०२० मध्ये इच्छुकांची जी यादी तयार झाली, तिच्यातूनच २०२५ मध्येही १७,८६० जणांना निमंत्रणे गेली. त्यांतून १० हजार अर्ज स्वीकारण्याचे उद्दिष्ट होते. पर्याय म्हणून दहा वर्षांपर्यंतचा 'सुपर व्हिसा' आहे. २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षे राहता येते; मात्र आरोग्य विमा स्वखर्चाने काढावा लागतो आणि दर्जा पाहुण्याचाच राहतो.

ब्रिटनचा २०१२ चा नियम याहून कठोर आहे. आई-वडिलांना दैनंदिन कामांसाठी दीर्घकालीन शुश्रूषेची गरज असावी आणि मुलाच्या आर्थिक मदतीनंतरही ती मायदेशी मिळू नये, अशी अट आहे. म्हणजे नियमित पैसे पाठवणाऱ्या मुलाचाच अर्ज दुबळा ठरण्याची शक्यता अधिक! ऑस्ट्रेलियात निम्मी मुले तेथे स्थायिक असावी लागतात. जलद मार्गासाठी प्रत्येकी ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक शुल्क आहे, तर स्वस्त मार्गाची प्रतीक्षा तीस वर्षांच्या आसपास आहे.

मायदेशातील संरक्षणही अपुरेच आहे. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा परदेशातील भारतीय नागरिकांनाही लागू आहे. त्याच्या न्यायाधिकरणाचे काम उपविभागीय अधिकाऱ्याच्या स्तरावर चालते. माहूरकरांसाठी ते ठिकाण किनवट. परंतु भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेऊन मुलगा आई-वडिलांना नेण्यास पात्र होतो, नेमका तेव्हाच तो या तरतुदीच्या शब्दांबाहेर जातो.

म्हणून काही गोष्टी घरोघरी वेळीच बोलल्या गेल्या पाहिजेत. पाहुणा म्हणून जाणे आणि स्थायिक होणे या दोन भिन्न बाबी आहेत. कायम वास्तव्याचा परवाना हाती येण्यापूर्वी गावचे घर वा शेत विकणे म्हणजे परतीची वाट स्वतःच बंद करणे होय. आणि परदेशी न जाऊ शकणाऱ्यांचे काय, हा प्रश्न येथील शासनापुढेही आहे. तालुक्याच्या ठिकाणी वृद्धांसाठी घरपोच शुश्रूषेची खात्रीशीर व्यवस्था उभी राहिली, तर व्हिसाच्या रांगेत अडकलेल्या मुलांची अर्धी चिंता मिटेल. ती उभी राहत नाही तोवर आई-वडिलांचे म्हातारपण परक्या देशांच्या नियमांवरच अवलंबून राहणार आहे.