वाऱ्याला पाठ, गळ्याला कान

खानदेशात आखाजीला निंबाच्या फांद्यांना झोके लागतात, माहेरवाशिणी जमतात आणि अहिराणी गाण्यांना ऊत येतो. ती जुनी गाणी तोंडपाठ असणाऱ्या आज्या मात्र दरसाल कमी होत चालल्या आहेत. म्हणून पुण्या-मुंबईची नातवंडे खिशातला फोन पुढे करून गाणे टिपून घेतात. हेतू फार चांगला. पण अशी ध्वनिमुद्रणे मी पुष्कळ ऐकतो आणि त्यांत आजी चार आणे, वारा बारा आणे! धुळ्याच्या हमरस्त्यावरचा ट्रकही नेमका कडव्याच्या शेवटी भोंगा वाजवतो.

जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. चिरंजीव सोपानदेव आणि आप्त यांनी गाणी उतरून घेतली, म्हणून १९५२ साली पुस्तक निघू शकले. पण कागदावर शब्द उतरतात, गळा उतरत नाही. गळा धरण्याचे साधन आज घरोघर आहे. मग थोडी काळजी का घेऊ नये?

पहिली गोष्ट अंतराची. फोन निम्म्या अंतरावर आणला की आजीच्या आवाजाचे बळ चौपट, म्हणजे सहा डेसिबलने अधिक मिळते. लांबचा गोंगाट होता तेवढाच राहतो. तेव्हा फोन तोंडापासून वीतभर ठेवा, पण किंचित बाजूला. अगदी समोर धरला तर श्वासाच्या फुंकरी बसतात.

दुसरा वारा. हवेचा झोत माइकच्या पडद्यावर आदळतो आणि घरघर उठते. माइकला स्पंजची किंवा त्याहून बरी केसाळ टोपी घाला आणि भिंतीच्या आडोशाला बसा. केळीची बाग दिसायला सुंदर, पण तिची पाने फार बडबडी! वेळ पहाटेची साधा. तेव्हा बहुधा वाराही निजलेला असतो आणि रस्ताही.

‘मागाहून यंत्राने साफ करू’ यावर फार विसंबू नका. ८० हर्ट्‌झखालची घरघर कापली तरी बाईच्या गळ्याला धक्का लागत नाही, हे खरे. पण भोंगा गाण्याच्या सुरांतच मिसळला, तर त्याच्याबरोबर गळाही सोलला जातो आणि आजी हंड्यातून गाते आहेसे वाटते. म्हणून साफसफाई प्रतीवर करावी. मूळ मुद्रण तसेच जपावे.

मात्र झोक्याची करकर आणि बांगड्यांची किणकिण यांना गोंगाट म्हणू नका. तो त्या गाण्याचाच साज आहे. गाणे एकदा ओट्यावर बसवून जवळून घ्या, एकदा झोक्यावर लांबून घ्या.

आखाजी यायची ती वैशाखात. तोवर कशाला थांबता? भाऊबीजेला घर भरलेले असेल. फटाके शांत झाले की आजीला म्हणा, ‘एक गाणे होऊ द्या.’ आणि ती गाऊ लागली की आपण मात्र गप्प बसा. सर्वांत जवळचा गोंगाट आपलाच असतो.