छप्पर एकदाचे, सोबत रोजची

बेघरांचा प्रश्न आपल्याकडे खाटांच्या संख्येत मोजला जातो. बंगळुरूच्या दक्षिणेकडील आनेकल तालुका पाहता हे माप अपुरे वाटते. जिगणी, बोम्मसंद्र, अत्तिबेले या औद्योगिक पट्ट्याला लागून असलेल्या आनेकल शहराची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सुमारे ४४ हजार होती. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा निकष मात्र एक लाख लोकसंख्येमागे शंभर जणांचे एक निवारागृह असा होता. अशी शहरे एकेकटी त्यात बसत नाहीत.

त्याहून मोठी उणीव खर्चाच्या स्वरूपात आहे. इमारत एकदाच बांधावी लागते. परंतु मनोविकार, व्यसन वा वार्धक्य यांमुळे जो निवाऱ्यात टिकत नाही, त्याला औषध देणारा, दवाखान्यात नेणारा माणूस रोज लागतो. त्याला पगार दरमहा द्यावा लागतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने समाजात राहण्याचा हक्क मान्य केला. पण जबाबदारी सरकारची आणि बेघर मात्र नगरपालिकेच्या दारात, अशी स्थिती आहे.

कर्नाटकातील नगरसंस्था काही निधी दिव्यांगांसाठी राखून ठेवतात आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचाही समावेश आहे. तालुक्यातील नगरपालिकांनी या निधीतून सामाईक सेवकवर्ग नेमावा, असे मला वाटते. इतर दिव्यांगांच्या वाट्याला कात्री लागेल, हा आक्षेप रास्त आहे; म्हणून राज्याने तितकीच भर घालावी. प्रमाणपत्राची अट मात्र दारातच आडवी येऊ नये. ते मिळवून देणे हेच सेवेचे पहिले काम मानावे.