विकी कोणीही बदलतं म्हणे... मग बदला की!

"विकीवर काय हो, कोणीही काहीही लिहितं!" असं म्हणणारे लोक दुसऱ्याच मिनिटाला मोबाईलवर विकीच उघडतात. आता हे माझ्या डोक्यात जायला लागलंय.

मी मूळचा दिंडोरीचा. दुसऱ्यांदा सुरत लुटून परतताना शिवाजी महाराजांनी १७ ऑक्टोबर १६७० ला आमच्याच भागात, वणी-दिंडोरीला, दाऊदखानाला उघड्या मैदानात हरवलं. मुघलांची किती माणसं पडली? सभासद बखर सांगते, तीन हजार. पण ती बखर लिहिली गेली १६९७ च्या सुमारास! उलट भीमसेन सक्सेना हा मुघलांचा नोकर स्वतः दाऊदखानाच्या फौजेत होता, आणि त्याने फारसीत लिहून ठेवलंय. दोघांची साक्ष शेजारी ठेवून तोलायला परिच्छेद लागतो. विकीच्या चौकटीला मात्र नुसता आकडा पुरतो. हा दोष खराच.

पण 'इतिहास पहा'वर टिचकी मारा. तो आकडा कोणी, कधी टाकला, कोणी खोडला, सगळं समोर येतं. आमच्या धंद्यात कोड कोणी बदलला ते कळल्याशिवाय पान हलत नाही, त्यामुळे मला ह्याचं मोल जरा जास्तच वाटतं. मराठी विश्वकोशात लेखाखाली जाणकाराचं नाव असतं, त्याबद्दल आदर आहेच. पण पहिला खंड १९७६ चा, विसावा २०१५ चा. मधल्या काळात छापलेली चूक सुधारायची कुणी?

आणि आपण काय करतो? फेब्रुवारी २०२५ मध्ये इंग्रजी विकीवरच्या संभाजी महाराजांच्या लेखावरून गदारोळ झाला. महाराष्ट्र सायबरने मजकूर काढा म्हणून पत्र धाडलं, मग संपादकांवर गुन्हाही नोंदवला. संताप मी समजू शकतो. पण संतापलेल्यांपैकी किती जणांनी त्या लेखाच्या चर्चापानावर एखादा संदर्भ नेऊन ठेवला?

मराठी विकी २००३ पासून आहे. गावांची पानं उघडा राव... लोकजीवन, नागरी सुविधा, मथळे तेवढे छान, खाली ठणठणाट. आमच्या तालुक्यात वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था वाटून घेतात. त्यातली खरी माहिती शेतकऱ्यांच्या तोंडी आहे, आणि विकीला तोंडी चालत नाही, छापील लागतं. हा नियम खेड्यांवर अन्याय करतो, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून आधी कुठेतरी छापून आणा, मग विकीवर टाका. नाशिक-पुण्याच्या आयटीवाल्यांनो, शनिवार-रविवार मोकळाच असतो ना?