साचलेल्या पाण्यावर पक्षी पळवणारी रसायने मारू नयेत

प्रति,
मा. आयुक्त,
बृहन्मुंबई महानगरपालिका

विषय : विमानतळालगतच्या साचलेल्या पाण्याचा निचरा करणे व त्यावर रसायन मारण्यास परवानगी न देणे.

महोदय,

20 मे 2024 च्या रात्री घाटकोपर पूर्वेला दुबईहून येणाऱ्या विमानाला फ्लेमिंगोंचा थवा धडकला. विमान सुखरूप उतरले. पंतनगरच्या वस्तीत मात्र तीसहून अधिक पक्षी मरून पडले. अशा घटनेनंतर पक्षी हुसकावण्याचे झटपट उपाय पुढे येतात. परदेशात विमानतळांवरील डबक्यांत मिथाइल अँथ्रॅनिलेट मारतात. द्राक्षाच्या वासाचे हे रसायन माणसाच्या खाद्यपदार्थांतही असते, पक्ष्यांना मात्र ते झोंबते.

आपल्याकडे ते नको. उन्हात ते विघटित होते आणि मुंबईच्या पावसात एका सरीत वाहून जाते, म्हणजे पुन्हा फवारणी, पुन्हा बिल. शिवाय ते माशांना अपायकारक आहे. पालिकेचाच कीटकनाशक विभाग डासांच्या अळ्या खाण्यासाठी साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडतो. एका खात्याने मासे सोडायचे आणि दुसऱ्याने तेच मारायचे, हा कारभार मलेरियाच्या दिवसांत परवडणारा नाही.

फ्लेमिंगो डबक्यासाठी येतही नाहीत. ते ठाणे खाडीच्या चिखलावर चरतात. ती खाडी 2015 पासून अभयारण्य आणि 2022 पासून रामसर स्थळ आहे. विमानतळाभोवती खरा प्रश्न घारी, कावळे आणि गायबगळ्यांचा. त्यांना बोलावतो तो उघड्यावरचा कचरा, मटणाच्या दुकानांमागची घाण आणि तुंबलेली गटारे. विमानतळाच्या 10 किलोमीटर परिघात पक्षी जमतील असा कचरा टाकण्यास 1937 च्या विमान नियमांतील नियम 91 ने मनाई केली आहे. ती पाळली गेली, तर फवारणीचा विषयच उरणार नाही.

म्हणून अंधेरी, कुर्ला व घाटकोपर येथील सखल जागा भरून पावसाळ्यापूर्वी नाल्यांना जोडाव्यात. मिठी नदी, पवई तलाव व खाडीलगतच्या पाणथळ जागांत कोणतेही पक्षी-प्रतिबंधक रसायन सोडण्यास लेखी मनाई करावी. विमानतळाच्या आवारात तसा प्रयोग करायचाच असेल, तर आधी कांदळवन कक्षाचे मत घ्यावे आणि पाण्याच्या तपासणीचा अहवाल जाहीर करावा. मांस-मासळी बाजारांचा कचरा रोज, झाकलेल्या गाडीतून उचलावा.

वरील मागण्यांवर काय कार्यवाही झाली, ते पावसाळ्यापूर्वी लेखी कळवावे, ही विनंती.

आपले,
विमानतळ परिसरातील रहिवासी

प्रत : संचालक, मुंबई विमानतळ; कांदळवन कक्ष, वन विभाग